भीक नको, पण कुत्रा आवर



आजच्या शुभवर्तमानात (लूक १२:१३-२१) गर्दीतला एक माणूस येशूला मध्येच अडवतो आणि सांगतो की, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. हा उतारा वाचताना मला तो माणूस पॅलेस्टाईनमधला वाटतच नाही, आपल्या मावळातला वाटतो. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तळेगावची एमआयडीसी वाढली, डोंगराच्या पायथ्याशी बंगल्यांचे प्लॉट पडले. ज्या खाचरांत भाताशिवाय काही होत नव्हते ती गुंठ्याच्या भावाने विकली जाऊ लागली. 'गुंठामंत्री' हा शब्द आपल्याच भागात हसत हसत बोलला जातो, पण त्या हसण्यामागे किती घरांत सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, हे गावोगावी ठाऊक आहे. आपल्या धर्मग्रामात शेतजमीन असलेली कुटुंबे थोडीच. बहुतेकांचे वाडवडील रेल्वेच्या किंवा नौदलाच्या नोकरीने इथे आले. म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये. वडिलांचा फंड, आईच्या पाटल्या, चाळीतली एक खोली यांवरूनही गुंठ्याइतकीच भांडणे होतात. घरोघरी मातीच्या चुली.

येशूने त्या माणसाचा निवाडा केला नाही. (माझ्याकडे असे निवाडे घेऊन कोणी आले की मीही याच वचनाच्या आड लपतो, हे कबूल करतो.) त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंत माणसाच्या जमिनीला भरघोस पीक आले, ठेवायला जागा पुरेना. त्याने ठरवले की जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची, सगळे धान्य त्यात भरायचे, आणि मग स्वतःच्या जिवाला सांगायचे की बाबा रे, आता खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो.

या गोष्टीतली एक बाब सहज नजरेतून निसटते. तो श्रीमंत माणूस जे स्वतःला सांगतो ते त्याचे स्वतःचे शब्द नाहीत. खाण्यापिण्याचा आणि मजेचा तो सल्ला त्याच्या समाजात चालत आलेला होता. उपदेशकाच्या पुस्तकात तशा अर्थाचे बोल आहेत, यशयाच्या ग्रंथात तेच बोल संकटाच्या दिवशी बेफिकीर झालेल्या लोकांच्या तोंडी आहेत. म्हणजे हा माणूस एक म्हण बोलत होता. उपदेशकाने ती बोलली तेव्हा दिवसभर कष्ट करणाऱ्याला देवाने दिलेल्या घासाबद्दल ती कृतज्ञता होती. याने ती बोलली तेव्हा दार लावून घेण्याची कडी झाली.

म्हणून आज म्हणींविषयी लिहावेसे वाटले. मराठी माणसाच्या तोंडी म्हणी फार. अल्फ्रेड मॅनवरिंग नावाच्या एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून त्यांचे पुस्तक १८९९ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केले. परक्या देशातून आलेल्या माणसाला इथल्या लोकांचे मन ओळखायला म्हणींचा रस्ता जवळचा वाटला, यात नवल नाही. पैसा आणि गरिबी यांवर तर आपल्याकडे म्हणींचा पाऊसच आहे, आणि लोणावळ्याच्या पावसासारखा तो दोन्ही बाजूंनी झोडपतो. थेंबे थेंबे तळे साचे, असे एक म्हण सांगते. दुसरी लगेच म्हणते, दात कोरून पोट भरत नाही. एक म्हणते दाम करी काम, दुसरी म्हणते गाव करी ते राव न करी. असतील शिते तर जमतील भुते ही म्हण श्रीमंताच्या मित्रांची लाज काढते, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण श्रीमंती गेलेल्याची. कोणाला सोडलेले नाही.

मग खरे काय मानायचे? पवित्र शास्त्रातही हाच प्रश्न पडतो. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथी ओवी सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि पाचवी सांगते की दे. दोन्ही शेजारी शेजारी! ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांच्या लक्षात हे आले नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी ते तसेच ठेवले, कारण कोणते वचन कोणाला केव्हा लागू होते हे ओळखणे हेच शहाणपण. त्याच अध्यायात थोडे पुढे असेही आहे की मूर्खाच्या तोंडी म्हण म्हणजे लंगड्याचे लोंबणारे पाय, दारुड्याच्या हातातली काटेरी फांदी. काटा दारुड्याला तर टोचतोच, पण तो हात हलवेल तेव्हा शेजारच्यालाही लागतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल होता. त्याच्या वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात सांगितले आहे की सूत्ररूपाने बोलणे अनुभवी माणसाला शोभते, ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिच्याविषयी सूत्र फेकणे हा अडाणीपणा. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिले होते. पदवी घेतली आणि बाहेर येऊन नेमके उलटे केले.

ती गोष्ट सांगतो. धर्मगुरू होऊन मला थोडीच वर्षे झाली होती, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. एक विधवा बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, संध्याकाळी माझ्याकडे आली. तीन मुले. मोठ्या मुलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद झाला होता, त्यासाठी तिने कर्ज काढले होते आणि हप्ता थकला होता. पांढरा झगा, बूट, केक, शेजाऱ्यांना जेवण, हे सगळे मी त्या रविवारी डोळ्यांनी पाहिले होते. ऋण काढून सण कशाला केला, असे मनात आले. तोंडाने मी म्हणालो, "बाई, अंथरूण पाहून पाय पसरावेत." ती "हो फादर" म्हणाली. पदर सारखा केला, चपला घातल्या आणि गेली. मला वाटले, बरे झाले, समजले तिला.

त्यानंतर ती मिस्साला यायची, मागच्या बाकावर बसायची, संपताच निघून जायची. काही महिन्यांनी घरे आशीर्वादित करत फिरताना तिच्या खोलीवर गेलो. धाकटा तापाने फणफणला होता म्हणून मुले लवकर निजली होती. एकच गोधडी जमिनीवर अंथरलेली, पण लांबीच्या बाजूने नव्हे, आडवी. तिन्ही मुले तिच्यावर ओळीने अशी निजली होती की तिघांच्याही पाठी गोधडीवर याव्यात. पाय मात्र गुडघ्यापासून खाली गार फरशीवर.

मी दारातच उभा राहिलो. अंथरूण कसे पाहायचे हे ती बाई रोज रात्री ठरवत होती, तिघांच्या उंचीचा हिशेब करून. आणि मी, ज्याच्या खोलीत माणसापेक्षा मोठा पलंग होता, तिला ते शिकवले होते. पुढे हेही कळले की केक आणि जेवण तिच्या भावाने दिले होते. कर्ज काढले होते ते झग्यासाठी आणि बुटांसाठी, कारण चर्चच्या रांगेत आपली मुलगी वेगळी दिसू नये एवढेच तिला हवे होते. बूट पांढरेच हवेत, हा नियम आमचाच होता.

मी तिची क्षमा मागितली. तिने कपभर चहा दिला. दूध शेजारून आणले, हे मला आवाजावरून कळले.

तेव्हापासून मला ती म्हण खोटी वाटत नाही. ती खरीच आहे. माझ्या बाजारहाटाच्या यादीला मी ती लावतो, तेव्हा उपयोगी पडते. आजोबा नातवाला शेजारी बसवून सांगतात तेव्हाही ती चांगली, कारण आजोबांनी ते अंथरूण स्वतः शिवलेले असते. पण भरल्या पोटाच्या माणसाने उपाशी माणसाला ती ऐकवली की ती म्हण राहत नाही, मोठ्या कोठाराची भिंत होते.

थेंबे थेंबे तळे साचे या म्हणीचेही असेच. त्या बाईला कोणी सांगितले असते की रोज दोन रुपये बाजूला टाक, तर ते दात कोरणेच झाले असते. आणि तरीही हीच म्हण आपल्या मावळात एकदा अक्षरशः खरी झाली आहे. तळेगाव दाभाडे इथला पैसा फंडाचा काच कारखाना पुष्कळांनी पाहिला किंवा ऐकला असेल. अंताजीपंत काळे नावाच्या एका सामान्य गृहस्थांनी ठरवले की देशी उद्योगासाठी प्रत्येकाकडून फक्त एक पैसा मागायचा. लोकांनी आधी हसून घेतले असेल, पण लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला पाठबळ दिले, आणि त्या पैशापैशातून १९०८ साली हा कारखाना उभा राहिला. तिथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे देशात इतर ठिकाणी काचेचे काम चालवले. एका पैशाने तो देणारा गरीब झाला नाही, आणि तो देण्यासाठी श्रीमंत असावे लागले नाही. म्हण तीच. एकट्या बाईला ऐकवली तर टोमणा, हजारोंनी मिळून आचरली तर कारखान्याची भट्टी.

आता पुन्हा त्या श्रीमंत शेतकऱ्याकडे या. त्याचे बोलणे नीट वाचा आणि 'मी' आणि 'माझे' किती वेळा येते ते मोजा. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. बायको नाही, मुले नाहीत, मजूर नाहीत, शेजारी नाही. इतके पीक त्याने एकट्याने कापले नसणार! पण त्याच्या बोलण्यात कापणाऱ्यांना जागा नाही. येशू त्याला चोर म्हणत नाही, हे लक्षात घ्या. त्याने कोणाला फसवले नव्हते, आवळा देऊन कोहळा काढला नव्हता. जमिनीला पीक आले, एवढेच. प्रभू त्याला मूर्ख म्हणतो, कारण त्याला सल्ला विचारायला स्वतःखेरीज कोणी उरलेच नव्हते.

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या सिझेरिया शहरात संत बेसिल यांनी याच उताऱ्यावर प्रवचन केले. त्या भागात तेव्हा दुष्काळ पडला होता आणि व्यापारी धान्य दाबून बसले होते. बेसिल यांनी त्यांना सांगितले की कोठारे हवीत ना, मग नवी कशाला बांधता, गरिबांची पोटे ही तयार कोठारे आहेत. नुसते बोलून ते थांबले नाहीत. भुकेलेल्यांना एकत्र करून, कडधान्याचे कालवण शिजवून स्वतः वाढायला उभे राहिले.

आणि दुष्काळाचे नाव निघाले की आपल्याला सिझेरियापर्यंत जायची गरज नाही. इंद्रायणी आपल्या कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते. आत्ता पावसात ती कशी गढूळ होऊन धावते ते आपण पाहतोच. तेच पाणी कामशेत, तळेगाव करत देहूला जाते. देहूच्या तुकोबांच्या घरात वाण्याचा धंदा होता आणि सावकारीही. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, गुरे गेली, दुकान बसले. अशा वेळी सावकाराजवळ उरते काय? लोकांची कर्जखते. वसुलीची हीच वेळ, असे कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल. परंपरा सांगते की तुकोबांनी ती खते काढली, निम्मी धाकटा भाऊ कान्होबा यांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती निम्म्याची गोष्ट. तुकोबांनी भावाचा वाटा बुडवला नाही. भावाला संसार करायचा होता, त्याला त्याचा हक्क दिला. औदार्य दाखवले ते फक्त आपल्या वाट्यातून. आजच्या शुभवर्तमानातला तो माणूस भावाकडून वाटा मागत आला आहे. इथे एक भाऊ वाटा देतो आणि मग उरलेल्यात दुसऱ्यांची ऋणे फेडून टाकतो. प्रभूने आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेत आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे असे आपण रोज म्हणतो, आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानात तिथला मूळ शब्द ऋणाचा आहे. क्षमा करणे म्हणजे खत बुडवणे. ख्रिस्ती नसलेल्या एका माणसाने आपल्याच नदीत ते करून दाखवले, याची मला असूया वाटते आणि आनंदही होतो.

दुरून डोंगर साजरे, ही म्हण लोणावळ्याएवढी कुठे लागू पडत नसेल. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. लोक धुके बघतात, कणीस खातात, चिक्की घेऊन जातात. सोमवारी बंगल्यांना कुलूप. पाच दिवस तिथल्या गाद्या कोरड्या राहाव्यात म्हणून त्यांवर प्लॅस्टिक घातलेले असते, आणि मागच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीत माळ्याचे कुटुंब गळतीखाली पातेले लावून बसते. आपल्या चर्चमध्ये बंगल्याचे मालकही येतात आणि माळीही. दोघेही हे वाचतील. मालकांनी रागावू नये. कोठार पाडा असे मी सांगत नाही, एवढेच विचारतो की मागच्या खोलीचा पत्रा या पावसाळ्यात शेवटचा केव्हा पाहिला?

आणि मीही एक गोष्ट करायची ठरवली आहे, ती सांगून थांबतो. आपल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद मनापासून काम करतात, त्यात शंका नाही. पण जूनमध्ये वह्या-पुस्तके वाटली तेव्हा मुलांना वेदीसमोर रांगेत उभे केले, देणगीदारांची नावे वाचली, घेणाऱ्यांचीही वाचली, फोटो काढले आणि ते सूचनाफलकावर लावले. एक मुलगी फोटोत वहीने तोंड झाकून उभी आहे. तो फोटो मी दोन महिने येता-जाता पाहत होतो. भीक नको पण कुत्रा आवर, ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याला दारातून परत फिरताना काय वाटले असेल, ते त्या वहीमागे आहे. येशूने तर उजवा हात काय देतो हे डाव्याला कळू देऊ नका असे सांगितले, आणि आपण ते कॅमेऱ्याला कळवले. हा दोष संस्थेचा नाही. परवानगी माझी होती.

तो फोटो काल काढून टाकला आहे. यापुढे मदत घेणाऱ्यांची नावे चर्चमध्ये वाचली जाणार नाहीत, फलकावर लागणार नाहीत. अर्जावर 'कारण सविस्तर लिहा' असा जो रकाना होता तो काढण्याविषयी संस्थेच्या सभासदांशी या आठवड्यात बोलेन. पुढच्या वर्षी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे झगे आणि बूट चर्चच ठेवील, सगळ्या मुलांना सारखे, ज्यांना परवडते त्यांनाही. वापरून परत करायचे. ज्यांच्या घरी आधीच्या मुलांचे असतील त्यांनी ऑफिसात आणून द्यावेत. मोडक्या टाचा चालतील, आपल्याकडे चांभार आहे.

ज्यांना काही बोलायचे असेल त्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे यावे. पुढच्या दाराने यावे, स्वयंपाकघराच्या नव्हे. एक अडचण कोणीतरी मला धीर करून सांगितली तीही दूर केली आहे. आमचा टायगर गाडीतून येणाऱ्यांवर कधी भुंकत नाही, चालत येणाऱ्यांवर मात्र फाटकापासून भुंकतो. त्याला हे कोणी शिकवले देव जाणे. त्या दोन दिवशी तो मागे बांधलेला असेल.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू